सत्तेचाळीस नंबरची वही

१

सकाळी दहा वाजता कपाटांतून दहा वह्या निघायच्या होत्या. निघाल्या नऊ.

"परत मोज," डॉ. गुरुप्रसाद बोकील म्हणाले.

गंगारामने परत मोजल्या. संस्थेत बावीस वर्षं शिपायाचं काम केलेला माणूस. वहीवर त्याचं बोट टेकलं की आकडा आपसूक तोंडातून पडायचा. "नऊच हायत, सर. सत्तेचाळीस नंबरची नाय."

नम्रता शेट्ये टेबलाच्या टोकाला बसून पाहत होती. ती संख्याशास्त्रज्ञ. मूळची राजापूरची, पण वीस वर्षं मुंबईत. मानसिक आरोग्यातल्या संशोधनाला दर वर्षी 'मानसवेध' पुरस्कार देणाऱ्या समितीने तिला रत्नागिरीला पाठवलं होतं. समितीची एक जुनी रीत होती: पुरस्कार हातात पडण्याआधी कुणीतरी जाऊन मूळ कागद डोळ्यांनी पाहायचे. छापलेला निबंध नव्हे, हाताने लिहिलेले कागद.

या वर्षीचा पुरस्कार डॉ. बोकीलांच्या केंद्राला होता. खलाशांच्या आणि आखातात गेलेल्यांच्या तीनशे बायका. अकरा वर्षं, दर महिन्याला घरी एक भेट, नऊ प्रश्न; त्रास जितका जास्त तितका आकडा मोठा, शून्य ते तीन. नववा प्रश्न जीव नकोसा होतो का, हा. अकरा वर्षांत या तीनशे जणींत आत्महत्या किती? शून्य. त्या शून्याला पुरस्कार होता. आज संध्याकाळी पाच वाजता समारंभ, आणि हॉलवर खुर्च्या लागत होत्या.

काल पाच वाजता नम्रताने पेढ्यांच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून गंगारामकडून दहा काढवल्या होत्या. तीनशे जुन्या वह्या आणि त्या बायकांच्या मुलींच्या नव्या अभ्यासातल्या चाळीस, अशा सगळ्यांच्या चिठ्ठ्या. सत्तेचाळीस निघाल्यावर बोकील पटकन म्हणाले होते, "ही बाई अभ्यासातून गळलेली आहे. दुसरी चिठ्ठी काढू या का?"

"गळली तरी वही असेलच ना?"

"असेल की. असणारच."

बाहेरच्या माणसाला नावं दिसू नयेत म्हणून वह्यांवरच्या नावांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या होत्या. ते काम कनीजचं. अकरा वर्षं घरोघर फिरून या वह्या तिनेच लिहिलेल्या.

"साडेपाचला मी स्वतः दोन्ही कपाटं उघडून पाहिली," बोकील आता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "दहाच्या दहा वह्या जागेवर होत्या. सत्तेचाळीस नंबरवर मी बोट ठेवलंय. साडेसहाला गंगारामने चावी कनीजला दिली. सातला तिने परत केली. आता यात शोधायचं काय राहिलं?"

कनीज भिंतीशी बसली होती. चाळिशी उलटलेली, काटकुळी बाई. कापडी पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर.

"कनीज, पट्ट्या किती वह्यांना लावल्यास?"

"नऊ."

"दहावी नव्हती, तर बोलली का नाहीस?"

कनीजने पिशवी जवळ ओढली.

"चार वाजेपर्यंत वही टेबलावर आली नाही तर मी पोलिसांत तक्रार देणार," बोकील म्हणाले. मग नम्रताकडे वळून, आवाज मऊ करून: "मॅडम, तुमचं काम अडायला नको. नऊ वह्या पुरे आहेत की."

नम्रताने घड्याळ पाहिलं. "चार वाजेपर्यंत वेळ आहे ना? मग दहावी शोधू."

२

डॉ. स्वरूप हे बोकीलांचे मदतनीस. तिशीचे, दाढी नीट कोरलेली, नखं मात्र कुरतडलेली. नम्रताने विचारण्याआधीच त्यांनी सांगून टाकलं की येत्या मे महिन्यात ते पुढच्या शिक्षणाला इंग्लंडला जाणार आहेत आणि सरांच्या शिफारशीवर सगळं अवलंबून आहे.

"सत्तेचाळीस नंबरच्या बाईचं काय झालं?"

"अपघात." त्यांनी एक पातळ फाइल पुढे केली. "सरांनी नोंद केली आहे."

बोकीलांच्या हातची अर्ध्या पानाची नोंद होती. गेल्या वर्षीच्या एप्रिलमधली. *हनुमान जयंती. दुपारी बाराच्या सुमारास खाडीच्या मुखाशी कालवे (खडकाला चिकटलेले शिंपले) काढताना खडकावरून पाय घसरून पाण्यात पडली. बुडून मृत्यू. घरच्यांचा जबाब तसाच. अभ्यासातून वगळले.*

"अभ्यासाची अकरा वर्षं कधी संपली?"

"त्याच वर्षी. तीस एप्रिलला."

"म्हणजे शेवटच्या महिन्यात ही बाई गेली."

स्वरूपनी अंगठ्याचं नख दाताखाली धरलं. "हो."

"डॉक्टर त्या वेळी कुठे होते?"

"दिल्लीला. परिषदेत याच अभ्यासावर बोलायला. हनुमान जयंतीनंतर दोन दिवसांनी आले." ते उठले. "मला हॉलवर जायचंय, मॅडम. स्क्रीनचं बघायचंय."

नम्रता कपाटापाशी गेली. लोखंडी कपाट, आत पाच फळ्या, खाकी पुठ्ठ्याच्या वह्या उभ्या, एकीला एक खेटून. दमट, आंबूस वास आला. रत्नागिरीतला कुठलाही कागद दोन पावसाळे काढल्यावर असाच वास मारतो.

"गंगारामभाऊ, या वह्या मधूनमधून कुणी काढतं का?"

"कशाला काढतील? अकरा वर्षं झाली, गेल्या वर्षी मे महिन्यात कनीजबायनी ओळीनं लावल्यान, मी कुलूप घातलं. नव्या मुलींच्या वह्या त्या पलीकडल्या कपाटात. ह्यांस कोण इचारतो? निबंधाच्या टायमाला सर एकदा संबंध दिवस हितं बसलेले. दार लावून. काय शोधत व्हते, देव जाणे."

"काल तुम्ही वह्या काढल्या नाहीत?"

"मी नाय. मी चावी दिली." त्याने आवाज खाली आणला. "मॅडम, खोटं कशाला बोलू, त्या बाईनं चोरी केलीन आसं माझं मन सांगत नाय. आमच्या आईला बरं नव्हतं तवा स्वताच्या खर्चानं रिक्षा करून आलीवती. पण मी पडलो शिपाईगडी. आज दत्तजयंती, सहा वाजता देवळात दत्तजन्म, माझी आरतीची पाळी. आन् हितं पोलीस येनार म्हनतात."

नम्रताने शेहेचाळीस आणि अठ्ठेचाळीस नंबरच्या वह्या बाहेर काढल्या. त्या सहज सुटल्या नाहीत; चिकटलेल्या पापडासारख्या कर्रकन अलग झाल्या. तिने त्या खिडकीशी नेल्या. शेहेचाळीसच्या मागच्या पुठ्ठ्यावर बुरशीचा एक मोठा करडा डाग होता, तीन बोटं पसरलेल्या हातासारखा. अठ्ठेचाळीसच्या पुढच्या पुठ्ठ्यावरही डाग होता.

तिने दोन्ही वह्या पुस्तकासारख्या उघडून शेजारी ठेवल्या. मग मिटल्या. मग परत उघडल्या.

डाग एकमेकांचे आरसे होते. बोटाला बोट, कडेला कड.

"भाऊ," ती शांतपणे म्हणाली, "या दोन वह्यांच्या मध्ये सत्तेचाळीस नंबरची वही शेवटची कधी होती, ते या बुरशीला विचारायला हवं."

३

तिने हे बोकीलांना सांगितलं नाही. बुरशीला एका रात्रीत असा ठसा उठवता येत नाही. त्याला निदान एक पावसाळा लागतो, डागाच्या दुहेरी कडा पाहता दोन. म्हणजे वही काल चोरीला गेलीच नव्हती. आणि 'साडेपाचला बोट ठेवलं' म्हणणारा माणूस खोटं बोलत होता.

पण खोटं बोलणारा माणूस चोर असतोच असं नाही. तसा असता तर हे काम सोपं झालं असतं.

ती उरलेल्या नऊ वह्या तपासत बसली. आठ वह्या चांगल्या होत्या. खऱ्या माणसाचे आकडे जसे असतात तसे: कधी दोन, कधी शून्य, नवरा बोटीवरून परत आल्यावर एकदम तीन, ईदच्या महिन्यात एक. कडेला कनीजच्या बारीक अक्षरात दोन ओळी. 'सासूची तब्येत. झोप नाही.' 'आज हसली.'

नववी वही नव्या अभ्यासातली होती, तीनशे दहा नंबरची. अठरा महिने. दर महिन्याला नऊ प्रश्न. एकूण एकशे बासष्ट उत्तरं.

सगळी शून्य.

नम्रताने पानं दोनदा उलटली. झोप लागते का, शून्य तक्रार. भूक, शून्य. उदास वाटतं का, शून्य. अठरा महिन्यांत त्या मुलीची एका रात्रीची झोपसुद्धा मोडली नव्हती. असं माणूस नसतं. असे आकडे घरी बसून भरलेले असतात.

तिला वाईट वाटलं. बुरशीने ज्या बाईला सोडवलं होतं, तिलाच आकडे धरून देत होते.

कनीजला तिने आत बोलावलं. कनीज बसली, पिशवी पुन्हा मांडीवर.

"कनीजताई, तीनशे दहाच्या घरी तुम्ही खरंच जाता?"

कनीजने पहिल्यांदा मान वर केली. डोळ्यांत राग होता. "अकरा वर्षं मी पायताणं झिजवली, मॅडम. माझी वाट लागली तरी चालंल, पन न जाता लिवलं असं म्हनू नका."

"मग ही सगळी शून्यं?"

"ती देते तेच मी लिवते." राग ओसरला. "शून्य, आपा. शून्य, आपा. अन् लगेच चा टाकते. मला काय कळत नाय? पन तिच्या तोंडचं बदलून लिवायचा मला हक नाय."

"वही तुम्ही घेतलीत?"

"काल मी कपाटातनं काय घेतलं नाय."

उत्तर नेमकं होतं. नम्रताला नेमकी उत्तरं आवडत, आणि म्हणूनच या उत्तरातला 'काल' तिच्या कानात राहिला.

"त्या मुलीला मला भेटायचंय. तिची हरकत नसेल तर."

कनीजचे हात पिशवीवर आवळले. तिने फोन केला, दोन वाक्यं बोलली. मग म्हणाली, "ये म्हनते. अमरीन नाव तिचं. तुम्हांला आधीच सांगते, म्हंजे तिथं जाऊन तिला दुखवनार नाय. ती सत्तेचाळीस नंबरची लेक."

४

रिक्षा खाडीच्या मुखाशी मोहल्ल्यात थांबली तेव्हा पावणेबारा झाले होते. घरांच्या मागे बांध, बांधाच्या पलीकडे पाणी. बांधावर एक म्हातारा जाळं दुरुस्त करत बसला होता, आणि त्याच्यापासून दहा पावलांवर एक एकोणीस-वीस वर्षांची मुलगी उभी होती. ती पाण्याकडे पाहत होती.

"गफूरचाचा, ही मॅडम," ती वळून म्हणाली. "आपाच्या हापिसातली."

"बसा," म्हाताऱ्याने फळी पुढे सरकवली. "आपा नाय आली?"

"त्यांना आज यायला जमलं नाही." नम्रताने बांधावरून खाली पाहिलं. "चाचा, कालवं काढतात ते खडक कुठले?"

"ते काय." त्याने सुईनेच दाखवलं.

तिथे काहीच नव्हतं. नुसतं हिरवं, फुगलेलं पाणी बांधाला थपडा मारत होतं.

"दिसत नाहीत."

म्हातारा हसला. "दिसतील कशे? आज पुनव. पुनवेला नि अवसेला बारा वाजता भरती वर येते, खडकावर दोन पुरुष पानी. कालवं काढायची तर उजाडता या, नायतर सांजच्याला. ह्या वक्ताला हितं कालवं काढाया येड्यानंसुद्धा..."

तो एकदम थांबला. त्याने मुलीकडे पाहिलं. मग जाळ्यात मान घातली.

नम्रताही थांबली. पुनव. आज दत्तजयंती, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा. गंगारामची आरतीची पाळी. आणि हनुमान जयंती? राजापूरला त्यांच्या घरी त्या दिवशी पहाटे मारुतीच्या देवळात पाळणा असायचा, आणि रात्री घाटावर चंद्र डोक्याएवढा. चैत्र पौर्णिमा. ती दर वर्षी पौर्णिमाच असते.

*दुपारी बाराच्या सुमारास, कालवे काढताना.*

पुण्याहून इथे आलेल्या बोकीलांनी घरच्यांची एक गोष्ट आणि शेजाऱ्यांनी सांगितलेली वेळ एकत्र बांधून ते वाक्य लिहिलं होतं. अकरा वर्षं इथे काढून त्यांनी एकदाही भरतीचं पाणी पाहिलं नव्हतं. आणि मोहल्ल्यातल्या कुणीही त्यांना चूक दाखवली नव्हती, कारण ती चूकच सगळ्यांना हवी होती.

"मॅडम," अमरीन म्हणाली, "गफूरचाचा गप्प का झाले, ते मला कळतं. माझ्यासमोर सगळेच असे गप्प होतात. मला काय भरती-ओहोटी कळत नाय?"

तिच्या आवाजात रडणं नव्हतं. तेच जास्त वाईट होतं.

"आम्मी साडेअकराला घरातनं गेली. हातात टोपली नाय, कोयता नाय. कालवं काय नखानं काढतात? पन सगळे सांगतात, पाय घसरला. बाबा दुबईवरनं फोनवर सांगतात, पाय घसरला. मी बोलते, हो. पाय घसरला."

"आणि कनीजआपाला दर महिन्याला शून्य सांगतेस."

मुलीने मान हलवली. "आम्मीनं खरं सांगितलंवतं आपाला. त्या दिसापास्नं आपा रात्रीची झोपत नाय. मी पन खरं सांगितलं तर ती मरंल." ती पाण्याकडे वळली. "मी रोज बाराला येते हितं. पानी किती वर येतं ते बघाया."

 नम्रताने हातातली टिपणवही मिटली. काही वेळापूर्वीपर्यंत तिच्यासमोर एक पुरस्कार होता आणि एक चोरी होती. आता समोर एक मुलगी होती.

"अमरीन, माझ्याबरोबर येशील? चार वाजता ते कनीजआपाला पोलिसांत देणार आहेत."

"आपाला?" मुलगी चपला शोधायलाही थांबली नाही.

५

तीन वाजून वीस मिनिटांनी सगळे पुन्हा त्याच खोलीत होते. बोकीलांनी समारंभाचा कोट चढवला होता. स्वरूप दाराशी, गंगाराम कपाटाशी. कनीजने अमरीनला आत येताना पाहिलं आणि ती अर्धवट उठून परत बसली.

"हिला कशाला आणलंत?" बोकील म्हणाले.

"ती स्वतः आली." नम्रताने दोन वह्या टेबलावर उघडून ठेवल्या. "डॉक्टर, हे डाग बघा. दोन पावसाळे या वह्या एकमेकींना चिकटून होत्या. मध्ये तिसरी वही नव्हती. मग काल साडेपाचला तुम्ही बोट कशावर ठेवलंत?"

बोकीलांनी डाग पाहिले. बराच वेळ पाहिले. "माझी काही गफलत झाली असेल. तीनशे वह्या आहेत."

"गफलत असती तर तुम्ही सत्तेचाळीसचा नंबर घेतला नसता. वही नाही, हे तुम्हांला आधीपासून माहीत होतं. निबंध लिहिताना दिवसभर दार लावून तुम्ही तीच शोधत होतात. सापडली नाही, आणि कनीजताईंना विचारता येईना. विचारलं असतं तर वहीत काय आहे ते तुम्हांला ठाऊक आहे, हे उघड झालं असतं."

"वहीत काय आहे?"

"नववा प्रश्न. बाईने 'हो' म्हटलं की कनीजताई चिठ्ठी भरतात. अर्धी चिठ्ठी तुमच्या लाल पेटीत, अर्धी वहीत. ती आली की अठ्ठेचाळीस तासांत डॉक्टर घरी जाणार, हे तुमच्याच निबंधात पान चारवर आहे. काल चिठ्ठी नेमकी सत्तेचाळीसची निघाली, आणि तुम्हांला वाटलं, बरं झालं. वही चोरीची ठरली की पुढे कधी बाहेर आली तरी चोराच्या हातचं कोण खरं मानणार?"

"हे सगळे तर्क आहेत, मॅडम. ती बाई कालवं काढताना—"

"पौर्णिमेला? बारा वाजता?"

बोकीलांना प्रश्न कळला नाही. तिथल्या बाकी सगळ्यांना कळला. गंगारामने कपाळावर हात मारला. "आयला! हनमान जयंती... भरती व्हती की वो सर!"



दाराशी स्वरूप म्हणाले, "चिठ्ठी मी उघडली होती."

"स्वरूप," बोकील हळूच म्हणाले.

"नाही सर. मला नका थांबवू. पेटी माझ्याकडे होती. हनुमान जयंतीच्या चार दिवस आधी मी दिल्लीला फोन केला. तुम्ही म्हणालात, मी आल्यावर बघू, तू एकटा गेलास तर बोभाटा होईल. मी गेलो नाही." त्यांनी दाराची चौकट धरली. "खाडी ओलांडून वीस मिनिटांचा रस्ता आहे. मी गेलो नाही."

बोकील खुर्चीत बसले. कोट खांद्यावर वर चढला, आणि ते एकदम म्हातारे दिसले. "दोनशे नव्याण्णव जणी जगल्या," ते म्हणाले. "त्याचं काही नाही? हा पुरस्कार मिळाला असता तर दाभोळपर्यंत काम नेता आलं असतं. एका आकड्यासाठी..."

"एवढ्या बायकांत, एवढ्या वर्षांत, एखादा मृत्यू धरावाच लागतो," नम्रता म्हणाली. "एक असता तरी पुरस्कार तुम्हांलाच मिळाला असता, डॉक्टर. शून्यापेक्षा एकावर मी जास्त विश्वास ठेवला असता."

६

राहिली वही.

नम्रता कनीजसमोर खाली बसली. "कनीजताई, काल तुम्ही काही घेतलं नाहीत. ते खरं आहे. पण गेल्या वर्षी मे महिन्यात वह्या ओळीने तुम्ही लावल्यात. ती लावली नाहीत."

कनीजने पिशवी उघडली. सकाळपासून मांडीवरून न उतरलेली. शिधापत्रिका, चष्म्याचं घर आणि खाली खाकी पुठ्ठा.

"दीड वरस घरात ठेवली. काल रातभर सोबत घेऊन बसले," ती म्हणाली. "सकाळी ठेवीन, सकाळी ठेवीन. हात उचलला नाय. हिच्या आम्मीला, रुकय्याला, अखेरची आंघोळ मी घातली, मॅडम. आमच्यात मय्यतीला न्हाऊ घालनारीनं जे बघितलं ते तिथंच पुरायचं. कुनाला सांगायचं नाय, कबरीपर्यंत. जे बघितलं ते मी नाय सांगनार. तुम्हांला नाय, पोलिसांना नाय. मग ही वही कशी दाखवू? ती पन सांगनंच झालं."

"कशाला सांगतेस?" अमरीन म्हणाली. ती कनीजच्या शेजारी जमिनीवर बसली होती. "तू काय बघितलंस ते नको सांगू, आपा. बारा वाजता तिथं किती पानी असतं, ते मला ठाऊक हाय."

कनीजने तिच्याकडे पाहिलं. अठरा महिने जे एकीने दुसरीपासून आणि दुसरीने पहिलीपासून लपवलं, ते दोघींच्या मध्ये उघडं पडलं.  तिने मुलीचं डोकं छातीशी धरलं.

नम्रताने वही घेतली. शेवटचं पान. नऊ उत्तरं, त्यांतलं एकही शून्य नाही. अर्धी चिठ्ठी गंजलेल्या टाचणीला चिकटलेली. कडेला बारीक अक्षरात एकच ओळ: 'लवकर या.'

"नाव नका लिवू, मॅडम," कनीज म्हणाली. "तिच्या लेकीला सोयरीक यायची हाय."

"मला नाव लागत नाही. मला आकडा लागतो."

तिने समितीला फोन केला. पुरस्कार थांबवा, म्हणाली. अहवाल संध्याकाळी पाठवते. आकडा शून्य नाही. एक. पलीकडून कुणीतरी हॉल, पाहुणे, छापलेली पत्रकं असं काही बोलत राहिलं. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. त्या एका आकड्यावरून मोहल्ल्यात सगळ्यांना कळेल कोण ते, हे तिला ठाऊक होतं. त्यांना ते आधीच ठाऊक होतं, हेही.

बोकील केव्हा बाहेर गेले ते कुणी पाहिलं नाही. कोट खुर्चीवर होता.

टेबलावर तीनशे दहा नंबरची वही पडली होती. कनीजने ती ओढून घेतली, चष्मा लावला, नवीन पानावर तारीख घातली. "अमरीन," ती म्हणाली, "या महिन्याचं ऱ्हायलंय. परत विचारते. या खेपेला चा नाय टाकायचा."

झोप? "दोन." भूक? "दोन." उदास वाटतं? मुलगी हसली, मग हसू मोडलं. "तीन, आपा. तीनच्या वर नसतं का काय?"

कनीज लिहीत गेली. आठव्यानंतर पेन थांबलं. पंचवीस वर्षांच्या संसारात आणि अकरा वर्षांच्या नोकरीत तिने इतका जड प्रश्न विचारला नसेल. तिने विचारला.

अमरीन खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "हो."

कनीजच्या हातातून पेन पडलं नाही. तिने उत्तर लिहिलं, चिठ्ठी भरली, मधोमध फाडली. अर्धी वहीत टाचली. उरलेली अर्धी हातात घेऊन ती उभी राहिली आणि सवयीने दाराजवळच्या लाल पेटीकडे निघाली.

"पेटीत नको," नम्रता म्हणाली.

दाराशी डॉ. स्वरूप अजून उभे होते. कनीजने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या चघळलेल्या नखांकडे पाहिलं, आणि चिठ्ठी त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

"वेळ लिहा," नम्रता म्हणाली.

त्यांनी घड्याळ पाहून लिहिलं: चार वाजून दहा मिनिटं. मग ते अमरीनपासून थोड्या अंतरावर जमिनीवर बसले, आणि म्हणाले, "मी कुठेही जाणार नाही. तुला वाटेल तेव्हा बोल."

बाहेर गंगारामने दत्ताच्या आरतीला दुसरा माणूस पाठवायला सांगितलं, आणि चहा टाकला.